बैलाच्या टाक्यातला बाप्तिस्मा

प्रिय मास्तर,

जय भीम. वहिनीला पण सांग, अन् पोरींना पापा.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, तिसऱ्या वेळेस घरची मागे उभी राहून ऐकत होती अन् पदर तोंडाला लावून हसत होती, कारण तू शेवटी विचारलं ना, "अबे तुम्ही तर पणजोबापासून ख्रिश्चन, मंग आता पोट्ट्याला काहून बुडवलं?" खरं सांगू, गावातल्या अर्ध्या लोकांच्या मनात हाच प्रश्न आहे पण तोंडावर कोणी विचारत नाही. टपरीवर मी गेलो की कापसाचा भाव निघतो. तू विचारलं ते बरं केलं. फोनवर सांगायला बसलो तर मधातच रेंज जाते, म्हणून लिहून टाकतो, लांब होईल, तुझ्या शाळेला आता सुट्ट्याच आहेत, वाच निवांत.

आधी झालं काय ते ऐक. पोट्टा 19 वर्षाचा झाला. नाताळाच्या उपासनेनंतर आम्ही सगळे बाहेर फराळाच्या प्लेटा घेऊन उभे, अन् हा एकटाच आत पाळकसाहेबांपाशी. मला वाटलं कॉलेजच्या फीबद्दल काही असेल. घरी आल्यावर म्हणे, बाबा मी बाप्तिस्मा घेतो म्हणून सांगितलं. तारीख ठरली ईस्टरची. अन् ईस्टर यंदा आला एप्रिलात. आता तूच सांग, आपल्याकडे एप्रिलात माणूस बुडेल एवढं पाणी कुठं राहते?

अरुणावती नदी पाहून आलो. आपण जिथं उड्या मारायचो ना त्या डोहात गुडघाभर पाणी, वर शेवाळ, अन् त्यात तीन म्हशी. काकाच्या वावरातलं शेततळं पाहिलं, पाणी होतं पण तळाला प्लॅस्टिक अंथरलेलं, उतारावर पाय ठेवला की गेलाच आत, अन् आमचे पाळकसाहेब साठीच्या पुढचे. बाबा म्हणाले, पोट्टा वर येईल, साहेब येणार नाहीत. शेवटी आपल्याच विहिरीजवळचं टाकं ठरलं, जिथं बैल पाणी पितात ते. घासलं, चुना मारला. शेताची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून मी रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेलो अन् बांधावर बसून राहिलो टाकं भरेपर्यंत. ईस्टरची आदली रात्र, चांदणं पडलेलं, पाइपातून पाण्याचा आवाज. माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली जागरणं दोन, एक ती अन् एक दहावीच्या निकालाच्या आदली आपली.

मला जरा कसंतरी वाटत होतं की बैलाच्या टाक्यात काय हा विधी, लोक काय म्हणतील. तेव्हा पाळकसाहेबांनी मस्त गोष्ट सांगितली. दिदाखे नावाचं एक फार जुनं पुस्तक आहे, ख्रिस्ती मंडळी नवी नवी होती तेव्हाचं, अठराएकोणीसशे वर्षं जुनं. त्यात लिहिलंय की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या, वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात द्या, थंड जमत नसेल तर कोमट घ्या, अन् दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. मला हसूच आलं, म्हटलं हे लिहिणारा नक्की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला असेल, टँकरची वाट पाहून पाहून लिहिलेलं दिसते.

पण बघ, पहिल्यापासून त्यांना माहीत होतं की सगळं काही पाण्यावर अडत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, पाप धुतलं जाते का. लय लोकांना हेच वाटते, की हे आमचं गंगास्नान आहे, एक बुडी अन् खातं कोरं. आमच्यातल्या लोकांनाही वाटते, खोटं काहून बोलू. जुन्या काळी तर लोक मुद्दाम मरेपर्यंत थांबायचे, का तर एकदा धुतल्यावर परत मळायला नको. रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन, ज्यानं ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला, त्यानं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 337 साली मरणाच्या खाटेवर. हिशेब पक्का होता त्याचा, आपल्या सोसायटीच्या कर्जदारांसारखा, माफी येईपर्यंत भरायचंच नाही!

पण बायबल वाचलं तर हिशेब तसा बसत नाही. येशूसोबत जो चोर क्रुसावर होता त्याला कोणी बाप्तिस्मा दिला? कोणीच नाही. तरी येशू त्याला म्हणाला आज तू माझ्यासोबत सुखलोकात असशील. येशूचा प्रेषित पौल तर करिंथच्या लोकांना तोंडावर सांगते की मला बाप्तिस्मा द्यायला नाही, सुवार्ता सांगायला पाठवलं, अन् तुमच्यातल्या दोनचार जणांशिवाय मी कोणाला दिला तेही मला आठवत नाही. म्हणजे पाणी साबण नाही.

मंग आहे काय? शब्दाचा अर्थ तर साधा आहे, मूळ ग्रीक शब्द, बुडवणं. मराठी बायबलात तो तसाच राहू दिला. योहान म्हणून एक होता, जंगलात राहायचा, टोळ अन् मध खायचा, तो यार्देन नदीवर लोकांना बोलवायचा, चुकलो म्हणा, वळा, अन् पाण्यात या. शिपाई यायचे, जकातवाले यायचे. अन् त्या गर्दीत एक दिवस येशू येऊन उभा राहिला. योहान म्हणाला, अरे मीच तुझ्या हातून घ्यायला पाहिजे, तू काय माझ्याकडे येतोस? मला या गोष्टीत सर्वात जास्त आवडते ते हेच. ज्याला गरज नाही तो लाचखाऊ जकातवाल्यांच्या मागे ओल्या वाळूत नंबर लावून उभा आहे. पुढं आकाश उघडलं, कबुतरासारखा आत्मा उतरला, वाणी झाली, ते सगळं आहे, पण माझं मन त्या रांगेतच अडकते.

अन् पौलानं रोमच्या लोकांना लिहिलं ते वेगळंच. तो धुण्याची गोष्टच करत नाही, तो म्हणते पुरलं. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्तासोबत मातीत जाणं अन् त्याच्यासोबत वर येणं. लहानपणी पाळक हे वाचायचे अन् माझ्या डोक्यावरून जायचं. ते मला कुठं समजलं सांगू? सरकी टोबताना. तू तर टोबली आहेस माझ्यासोबत, एक एक बी बोटानं दाबून मातीखाली, अन् वरून पायानं माती लोटून पुढं. त्या क्षणी ते बी गेलंच ना. पाकीट एवढ्या रुपयाचं अन् आपण ते पुरून टाकतो अन् आभाळाकडे पाहत बसतो. येशू पण गव्हाच्या दाण्याचं हेच बोलला, मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहते. म्हणून मागे झोपवून बुडवतात, तोंड वर, जसं माणसाला खड्ड्यात ठेवतात. चार सेकंद. पण बाप म्हणून काठावर उभं राहून पाहा ते चार सेकंद, मंग समजते. पोट्ट्याचे डोळे मिटलेले, केस पाण्यावर पसरलेले. माझा हात आपोआप पुढं गेला होता, घरचीनं धरला.

बरं, आता मूळ मुद्दा, की आधीच ख्रिश्चन असताना काहून.

मी दोन महिन्याचा असताना माझा झाला, आईच्या मांडीवर, कपाळावर पाणी शिंपडून. आमच्याकडे तीच पद्धत, पुढं मोठं झालं की दृढीकरण, म्हणजे आपल्या तोंडानं विश्वास कबूल करायचा विधी, मंग प्रभुभोजन, चर्चमधली भाकर अन् द्राक्षरस. घरची आली ती बुडवणाऱ्यांच्या मंडळीतून. त्यांचं म्हणणं, ज्याला समजतच नाही त्यानं काय कबूल केलं? पहिले विश्वास, मंग पाणी. लग्न झालं तेव्हा आम्हा दोघांना यात काही वाटलं नाही, पोरगं झालं अन् भांडण सुरू. बाबा म्हणत, आणा चर्चमध्ये. ही म्हणे, हात लावू देणार नाही. सहा महिने घरात जेवायला वाढताना भांडी आपटायची. शेवटी पाळकसाहेबांनी तोड काढली, लेकराला फक्त अर्पण करू, प्रार्थना करू, पाणी तो मोठा होऊन मागेल तेव्हा.

तुला वाटेल पाळकानं दोन्ही हातावर पेढा ठेवला. नाही. आमच्या चर्चमध्ये हे चालतेच, अन् ते ठरलं कुठं माहीत आहे? नागपूरला. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन होते लेकरांवर शिंपडणारे, अन् बॅप्टिस्ट अन् ब्रदरन पण होते मोठ्यांना बुडवणारे. त्यांनी ठरवलं दोन्ही चालेल. माझ्या घरातलं भांडण माझ्या जन्माच्या आधीच नागपूरला मिटलेलं होतं अन् आम्हाला पत्ता नाही.

अन् हे भांडण काही लहान नाही हं. 1527 साली स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात फेलिक्स मांझ नावाच्या माणसाला नदीत बुडवून मारलं, का तर तो मोठ्या माणसांना परत बाप्तिस्मा देत होता. बुडवणाऱ्याला बुडवून मारलं. अन् मारणारे कोण, तर नुकतेच पोपपासून सुटलेले सुधारकवाले. वाचून अंगावर काटा आला. उलट आपल्या पंडिता रमाबाई पाहा, 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यासोबत छोटी मनोरमा पण होती. आई सगळे शास्त्र कोळून प्यालेली, तिचा पण, अन् लेक अडीच वर्षाचीही नाही, तिचा पण. एकाच दिवशी दोन्ही प्रकार.

मला विचारशील तर मी अजून मधातच आहे. घरचीचं पटते, कारण पोट्ट्यानं स्वतः तोंडानं हो म्हटलं ते मी ऐकलं. पण बाबाचंही पटते. बाबा म्हणतात, लेकराला नाव ठेवताना त्याला विचारलं होतं काय? दूध पाजताना विचारलं? देवानं पहिले धरलं, आपण मागून धरतो, शिंपडणं म्हणजे तेच. मागे एक बाहेरचा प्रचारक आला होता, त्यानं बाबाला भर बैठकीत सांगितलं की तुमचा झालाच नाही, परत घ्या. बाबा पंच्याहत्तरीचे. म्हणाले, "काहून रे बावा, आमचं पाणी खोटं होतं काय?" अन् उठून घरी आले, दोन दिवस नीट जेवले नाहीत. घरची मलाही कधीकधी म्हणते तुम्ही पण घ्या. मी नाही घेत. माझ्या आईनं माझ्यासाठी जे हो म्हटलं होतं ते मला पुसायचं नाही, ती आता नाही दुसऱ्यांदा म्हणायला.

धर्मांतराचं पण लिहितो, कारण कोणीतरी व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला अन् खाली भलतंच लिहिलं. माझा पणजोबा छप्पन्नच्या, म्हणजे विक्रम संवत 1956 च्या, दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आला, 1900 च्या आसपास, सात आठ वर्षाचं पोर, पोट पाठीला लागलेलं. लोक म्हणतात भाकरीसाठी बाटला. भाकरीसाठी आला हे खरंच आहे, मी काही लपवत नाही, उपाशी पोरगं कशासाठी येईल? पण आमच्या घरात सांगतात की भाकर पहिल्या दिवशी मिळाली अन् बाप्तिस्मा त्यानं घेतला मोठा झाल्यावर, स्वतः सुतारकाम करून कमावत होता तेव्हा. त्याला तेव्हा कोणाच्या भाकरीची गरज नव्हती.

तुला हे जास्त समजवायची गरज नाही. तुझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला होते, पांढरे कपडे घालून, त्या लाखो लोकांत. पाणी नव्हतं तिथं, पण उभं राहून मोठ्यानं 22 प्रतिज्ञा म्हटल्या अन् परत आलेला माणूस गेलेला माणूस नव्हता, असं तूच सांगतोस. दोन्ही एक आहे असं मी नाही म्हणत, तुमच्यात देवाला वाव नाही अन् आमचं सगळं त्याच्याच नावानं, "पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने" म्हणूनच बुडवतात. पण चारचौघांसमोर तोंडातून शब्द काढणं, मागे फिरायची वाट स्वतःच बंद करणं, ते तुझ्या घरानं पाहिलेलं आहे.

नाव बदललं का म्हणून वहिनीनं विचारलं होतं. नाही बदललं. आपल्या रेव्हरंड टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तरी ते नारायण वामनच राहिले. अन् त्यांच्या बायको लक्ष्मीबाई काही नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लगेच मागे गेल्या नाहीत, काही वर्षं घेतली, स्वतःचं स्वतः ठरवलं. घरचीला ही गोष्ट लय आवडते, मला ऐकवायला.

तर असं. पोट्टा वर आला, नाकातोंडात पाणी, खोकला, सगळ्यांनी गाणं सुरू केलं अन् बाबा गात नव्हते, नुसते टाक्याच्या कठड्यावर हात ठेवून उभे. मला वाटलं रागात आहेत. मंग खांद्यावरचा गमछा काढला अन् पोट्ट्याचं डोकं पुसायला लागले, लहान लेकराचं पुसतात तसं, कपाळ परत परत. घरची पाहत होती. दोघांत अठराएकोणीस वर्षात या विषयावर जे बोलणं झालं नाही ते तिथं झालं म्हण, एकही शब्द न बोलता. मला मात्र, तुलाच सांगतो, थोडा हेवा वाटला पोराचा. त्याला त्याचा बाप्तिस्मा आठवेल. मला माझा सांगून सांगून माहीत आहे.

दुपारी जेवणं झाल्यावर ऊन उतरलं तसं मी बैल सोडले. नेहमीच्या सवयीनं दोघंही सरळ टाक्यावर गेले. पाळकसाहेब खाटेवर पडले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं, विचारावं की नाही. ते म्हणाले, पिऊ द्या हो, तहानले आहेत.

तू जूनच्या आधी एकदा ये. पाऊस पडला की मला टोबणीतून फुरसत नाही. अन् येताना माझा तो जुना कॅमेरा आण, दोन वर्षं झाले नेऊन.

तुझाच,
पाद्र्या
(हे नाव तूच पाडलं होतं सातवीत, आता भोग)