‘लांबच्या टूरिंगसाठी तयार’ म्हणून विकलेल्या सायकलीबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
प्रत: प्रमुख, उत्पादन विभाग

विषय: मागच्या चाकाचे तुटलेले स्पोक, चढाला अपुरे पडणारे गिअर आणि कॅरियर किटचा तुटलेला बोल्ट. ‘जादा वजन’ या कारणाने नाकारलेल्या वॉरंटी दाव्याचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय / महोदया,

माझ्या आधीच्या तक्रारीला आपल्या विभागाने पाठवलेले उत्तर मिळाले. स्पोक तुटले ते जादा वजनामुळे, बोल्ट तुटला तो नीट न आवळल्यामुळे, आणि गिअर जड वाटत असतील तर ११-३२ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा, ११ ते ३२ दातांच्या चकत्यांचा संच) लावून घ्यावी, असा त्याचा सारांश आहे. हे तिन्ही मुद्दे मला मान्य नाहीत. का मान्य नाहीत, ते मोजमापांसह लिहीत आहे. हे पत्र ग्राहक सेवेच्या टेबलावर न थांबता, या मॉडेलचे सुटे भाग ज्यांनी निवडले त्यांच्यापर्यंत पोहोचावे, ही विनंती.

आधी वजनाचे बोलू. सायकल पेडल आणि कॅरियरसह ९.६ किलो. चालवणाऱ्याचे वजन कपडे-बुटांसह ७४ किलो. पॅनियर (कॅरियरच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या), तंबू, स्लीपिंग बॅग, अवजारे आणि दोन बाटल्या पाणी मिळून ११ किलो. एकूण ९५ किलोच्या आत. आपल्या जाहिरातीत मागच्या कॅरियरवर १८ किलो सामान चालेल असे ठळक छापले आहे. माहितीपुस्तिकेत मात्र चाकांच्या पानावर, तळाशी बारीक अक्षरात, सायकलस्वार आणि सामान मिळून कमाल ९० किलो अशी मर्यादा आहे. दोन्ही आकडे एकत्र ठेवले तर १८ किलो सामान नेणाऱ्याचे स्वतःचे वजन ७२ किलोंच्या वर जाता कामा नये. ही अट विक्रीच्या वेळी सांगितली जात नाही. ती मान्य केली तरी ७४ आणि ११ मिळून ८५ किलोच होतात. म्हणजे वजन आपल्याच मर्यादेत आहे आणि दावा नाकारायला दिलेले कारण टिकत नाही.

मागच्या चाकात २४ स्पोक आहेत, त्यातले १२ कॅसेटच्या बाजूला. जेवढे तुटले ते सगळे याच बाजूचे, आणि सगळे चाकाच्या मधल्या हबच्या भोकापाशी, वाकात तुटले. ती टोके पत्रासोबत पाठवली आहेत. कृपया ती भिंगाखाली धरून पाहावीत. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आहे, त्यावर एका कडेकडून आत सरकत गेलेल्या बारीक कमानी दिसतात, आणि शेवटचा तुकडा तेवढा खरबरीत आहे. एकाएकी ताण पडून तार तुटली असती तर ती आधी ताणली गेली असती आणि तुटीपाशी बारीक झाली असती. इथे जाडी अगदी तोंडापर्यंत २ मिलिमीटर भरते. चीर आधी पडली, फेऱ्याफेऱ्याला वाढत गेली आणि मग स्पोक सुटला, असे ही टोके सांगतात.

चीर का पडली, तेही उघड आहे. चाक फिरताना जमिनीलगतचे स्पोक क्षणभर सैल होतात आणि वर गेले की पुन्हा ताणले जातात. २८ च्या (२८ मिलिमीटर रुंद) टायरचा घेर सुमारे २.१३६ मीटर, म्हणजे हे किलोमीटरला ४६८ वेळा आणि शंभर किलोमीटरला जवळपास ४७ हजार वेळा घडते. पुरेसा ताणलेला स्पोक हे बिनतक्रार सोसतो, कारण तो पूर्ण सैल कधीच पडत नाही. फार कमी ताणाचा स्पोक दर फेरीत पूर्ण सैल होऊ शकतो, भोकात हलतो आणि वाकापाशी थोडा थोडा दुमडत राहतो. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी, एकही स्पोक तुटलेला नसताना, आपल्याच अधिकृत मेकॅनिकने टेन्शन मीटर लावून केलेली नोंद सोबत आहे. कॅसेटच्या बाजूचे आकडे ७५० पासून १२५० न्यूटनपर्यंत आहेत. नीट बांधलेल्या चाकात या बाजूला ११०० ते १२०० न्यूटन ताण असतो आणि दोन स्पोकांमध्ये सरासरीच्या दहा टक्क्यांहून जास्त तफावत ठेवत नाहीत.

त्या नोंदीवर ‘चाक आउट नाही, ठीक आहे’ असा शेरा आहे. इथेच गफलत होते. एक स्पोक फार घट्ट आणि शेजारचा ढिला असला तरी रिम सरळ फिरू शकते. चाक आउट नसणे आणि ताण सारखा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टूरिंगच्या चाकात दुसरी जास्त महत्त्वाची. आपल्या कारखान्यात फक्त पहिली तपासली जात असावी, असे या आकड्यांवरून वाटते.

शिवाय २४ स्पोकांच्या चाकात एक जरी तुटला तरी पुढे जाणे अवघड होते. ३२ किंवा ३६ स्पोक असतील तर शेजारच्या दोघांचे निपल (स्पोकचा ताण कमीजास्त करणारे टोकाचे नट) थोडे फिरवून, टायर न घासता, पुढच्या गावापर्यंत जाता येते. या सायकलीत चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या दोन खालच्या नळ्यांच्या) मधली जागा बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पेडलच्या अक्षाजवळ, व्हर्नियरने मोजली तर ३८ मिलिमीटर आहे. २८ च्या टायरला दोन्ही बाजूंना जेमतेम ५ मिलिमीटर उरतात. एक स्पोक तुटला की रिम त्याहून जास्त वाकू शकते आणि टायर फ्रेमला घासू लागतो. कॅसेटच्या बाजूचा स्पोक बदलायचा तर आधी कॅसेट काढावी लागते, म्हणजे लॉकरिंगचा पाना जवळ हवा. आणि बदली स्पोक घ्यायचा तर लांबी माहीत हवी, जी आपल्या पुस्तिकेत कुठेच दिलेली नाही.

(याच ३८ मिलिमीटरच्या जागेत ‘३५ पर्यंतचा टायर बसतो’ अशी आपली जाहिरात आहे. ३५ चा टायर लावला तर प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर उरतो. चिखलाचा पहिला थर बसताच फ्रेमचा रंग आणि मग धातू खरवडला जाईल. सहा मिलिमीटर मोकळे सोडायचे तर या फ्रेमला २६ च्या वरचा टायर चालत नाही, आणि मडगार्डचा तर प्रश्नच येत नाही.)

दुसरा मुद्दा गिअरचा. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या (चेनरिंग), मागे ११-२८ ची कॅसेट. ही शर्यतीच्या सायकलची जुळणी आहे. सर्वात हलक्या गिअरमध्ये, म्हणजे ३४ ला २८, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५९ मीटर पुढे जाते. एकूण ९५ किलो घेऊन ८ टक्क्यांचा चढ मिनिटाला ६० फेऱ्यांनी चढायचा, तर वेग ताशी ९.३ किलोमीटर होतो आणि नुसत्या चढासाठी १९३ वॅट लागतात. टायरचे घर्षण धरून सुमारे २०७. हे दहा मिनिटांचे काम नाही, घाटात तासभर आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचे असते. १५० वॅटच सलग देऊ शकणाऱ्याचे फेरे या गिअरमध्ये मिनिटाला ४४ वर येतात. सगळा भार गुडघ्यांवर पडतो, आणि टूर अर्धवट सोडायला लागते ती बहुधा गुडघ्यांपायीच. तोच चढ ३० ला ३४ या गिअरने घेतला तर एका फेऱ्यात १.८९ मीटर, वेग ६.८ आणि सुमारे १५० वॅट. दुसऱ्या टोकाला ५० ला ११ हा गिअर मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी ५२ किलोमीटर वेग देतो. सामान लादलेल्या सायकलीला तो कधी लागणार?

आपण सुचवलेली ११-३२ ची कॅसेट या सायकलीवर चालत नाही. बसवलेला मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड सांगाड्याचा आहे. त्याची क्षमता, म्हणजे पुढचा आणि मागचा मिळून जेवढा दातांचा फरक तो सांभाळतो, ती ३३ दातांची आणि सर्वात मोठ्या चकतीची मर्यादा २८. सध्याच्या जुळणीत पुढचा फरक १६ आणि मागचा १७ मिळून ३३, म्हणजे क्षमता आत्ताच संपलेली आहे. ११-३२ लावली तर बेरीज ३७ होते. बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून दूर ठेवणारा स्क्रू) शेवटपर्यंत आत घेतला तरी डिरेलरची वरची छोटी जॉकी चकती ३२ च्या दातांवर घासते. चेन मोठ्या-मोठ्या (पुढची आणि मागची सर्वात मोठी चकती) जोडीसाठी कापली तर लहान-लहान जोडीवर ती लोंबते. लोंबू नये म्हणून आखूड केली तर चुकून मोठ्या-मोठ्या जोडीत गिअर पडताच डिरेलर हँगरसकट (फ्रेमवरच्या आधारासकट) उपटून निघतो. ग्राहकाने आपला सल्ला मानला असता तर सायकल रस्त्यात मोडली असती.

पुढची क्रँक (पेडलचे दांडे आणि चेनरिंग) ४६/३० ने बदलावी म्हटले तर तिथेही फ्रेम आड येते. पुढच्या डिरेलरचा धारक फ्रेमला पक्का जोडलेला आहे आणि त्याच्या खाचेत डिरेलर आत्ताच सर्वात खाली आहे. चार दात कमी झाले की चेनरिंगची त्रिज्या ८ मिलिमीटरने घटते. डिरेलरची पट्टी आणि दात यांत १ ते ३ मिलिमीटर अंतर हवे, ते १० च्या आसपास जाते. चेन नीट चढत नाही आणि चढलीच तर बाहेर पडते.

आता कॅरियर. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला पाय लागू नये म्हणून आपल्या किटमध्ये २२ मिलिमीटर लांबीचा स्पेसर आणि त्यातून जाणारा एम-५ चा ४० मिलिमीटर बोल्ट दिला आहे. बोल्ट ढिला नव्हता. त्यावर निळे थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावून ५ न्यूटन-मीटरला आवळल्याची नोंद मेकॅनिकच्या त्याच कागदावर आहे. दोष रचनेचा आहे. कॅरियरचा पाय आयलेटला (फ्रेमवरच्या बोल्टच्या भोकाला) चिकटून बसला तर भार दोन पृष्ठभागांतल्या पकडीवर जातो. मध्ये २२ मिलिमीटर स्पेसर आला की सामानाचा प्रत्येक हिसका बोल्टला वाकवतो, आणि ५ मिलिमीटरचा बोल्ट आट्यांच्या पहिल्या खाचेत, फ्रेमच्या अगदी तोंडाशी तुटतो. तुकडा आतच अडकतो, तो काढायला उलटे ड्रिल लागते आणि आयलेटचे आटे खराब होण्याची भीती राहते. त्याहून गंभीर बाब म्हणजे एका बाजूचा पाय सुटला की पॅनियर स्पोकांत जाऊ शकतो. उतारावर हे घडले तर काय होईल, ते आपल्या इंजिनिअरांना सांगायची गरज नाही. डिस्कसाठी मुद्दाम बाहेर वळवलेले पाय असलेली कॅरियर मिळते, तीच द्यायला हवी होती. सीटपोस्टच्या कॉलरवरचे वरचे दोन आधार मात्र ठीक आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

चेनस्टे ४१५ मिलिमीटरच असल्याने पॅनियर योग्य जागी लावले तर ४३ नंबरच्या बुटाची टाच दर फेऱ्याला त्यांना लागते. मागे सरकवले तर भार अ‍ॅक्सलच्या मागे जातो, पुढचे चाक हलके होते आणि उतारावर हँडल थरथरते. टूरिंगच्या फ्रेममध्ये चेनस्टे ४४० ते ४६० ठेवतात ते याचसाठी. फ्रेम बदलता येणार नाही, हे समजते. पण मग जाहिरातीत पॅनियर लावलेला फोटो नको. सीटमागची लांब बॅग आणि फ्रेमच्या त्रिकोणातली बॅग, एवढेच सामान या सायकलीसाठी आहे असे स्पष्ट लिहावे.

ब्रेकबद्दल थोडक्यात. पुढची डिस्क १४० मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर फक्त रेझिन पॅड वापरावेत असा शिक्का आहे. ९५ किलो वजन ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ४६६ किलोज्यूल ऊर्जा सोडते. वाऱ्याने आणि टायरच्या घर्षणाने घेतलेला वाटा सोडला तर ती सगळी ब्रेकमध्येच जिरते. लांब उतारावर रेझिन पॅड तापून गुळगुळीत होतात आणि लिव्हर दाबूनही पकड येत नाही. १६० ची, मेटल पॅड चालणारी डिस्क लागते.

हे सगळे बदलले असते तर सायकल किती जड झाली असती? मागे आठ आणि पुढे आठ जादा स्पोक, निपलसह, १२० ग्रॅमच्या आसपास. थोड्या दणकट रिम, मोठी कॅसेट, मोठी डिस्क धरून बेरीज पाण्याच्या एका भरलेल्या बाटलीपेक्षा कमी भरते. हलकी टूरिंग म्हणजे तंबू, भांडी आणि कपड्यांत वजन वाचवणे. चाकाच्या ताकदीत आणि गिअरच्या दातांत ते वाचवले की सायकल दुकानातल्या काट्यावर सुरेख दिसते आणि चढाच्या मध्यावर उभी राहते. माझा मुख्य आक्षेप हाच आहे: वजन चुकीच्या जागी कापले गेले आणि त्याला टूरिंगचे नाव दिले गेले.

म्हणून मागणी अशी. मागचे चाक नव्याने बांधून द्यावे: ३२ भोकांचा हब, २.०/१.८/२.० चे डबल बटेड (टोकांना जाड, मध्ये बारीक) स्पोक, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडून जाणारा), पितळी निपल, आणि प्रत्येक स्पोकच्या ताणाची लेखी नोंद. मध्ये बारीक असलेला स्पोक ताण मधल्या भागात झेलतो, त्यामुळे वाक वाचतो. सगळीकडे सारखा २ मिलिमीटर जाडीचा स्पोक पुन्हा नको. पुढचे चाक तपासून त्याचाही ताण कळवावा. गिअरसाठी लाँग केजचा डिरेलर, ११-३४ ची कॅसेट, नवी चेन आणि ४६/३० ची क्रँक द्यावी, पुढचा डिरेलर खाली आणणाऱ्या अ‍ॅडॉप्टरसह. ते फ्रेमवर बसत नसेल तर पुढे एकच ३८ ची चेनरिंग आणि मागे ११-४२, त्याला जुळणाऱ्या डिरेलर आणि शिफ्टरसह. कॅरियर आणि पुढची डिस्क वर लिहिल्याप्रमाणे बदलावी. हे शक्य नसेल तर सायकल परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी.

कॅरियर किटचा स्पेसर ज्यांच्या ज्यांच्या सायकलीवर लावला आहे, त्या सर्व ग्राहकांना आपण स्वतःहून कळवावे. माझ्या दाव्याचा निकाल काहीही लागो, हे काम त्यासाठी थांबवू नये.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: तुटलेल्या स्पोकांची टोके, तुटलेला एम-५ बोल्ट व स्पेसर, पहिल्या सर्व्हिसिंगची नोंद, चेनस्टेजवळच्या मापाचे फोटो, जाहिरात आणि पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती.