मावशी, ती मान मुरगळलेली नव्हती

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, दवाखान्यात औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात. टेबलावर ससा धरून ठेवणाऱ्या, टॉवेलच्या गुंडाळ्या वळणाऱ्या आणि सिरिंज कुठून घालायची ते दाखवणाऱ्या बाईंचे आभार मानायचं मात्र राहून जातं. मान कललेला ससा औषधाने बरा होतो हे खरंच. पण औषध लागू पडेपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्याला जगवते ती सेवा, आणि ती तुम्ही शिकवलीत. पत्र उघडं ठेवलंय, कारण उद्या सकाळी कुणाच्या तरी घरी ससा एका अंगावर गडगडताना दिसेल आणि घरातले म्हणतील, "मान मुरगळली वाटतं, तेल लावून चोळा."

चोळायचं नाही, ही तुमची पहिली शिकवण. मान वाकडी दिसते म्हणून दुखणं मानेत नसतं, ते तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असतं. कानाच्या आतल्या भागात किंवा मेंदूत बिघाड झाला की सशाला सगळी खोलीच कललेली वाटते, आणि त्याच्या हिशेबाने तो डोकं सरळच धरत असतो. ते बळाने सरळ केलं की त्याला आपण उलटे होतोय असं वाटतं आणि तो आणखी जोरात लोळतो. डोळे डावी-उजवीकडे भिरभिरतात तेही त्यामुळेच. बुबुळं वर-खाली नाचत असतील तर डॉक्टर मेंदूचा संशय जास्त धरतात, म्हणून दवाखान्यात जाण्याआधी मोबाइलवर डोळ्यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, हेही तुम्हीच सुचवलंत. टेबलावर आल्यावर घाबरलेला ससा बऱ्याचदा वेगळंच दाखवतो.

कारणं मुख्यतः दोन. एक, कानाच्या आतला जंतुसंसर्ग. लोंबत्या कानांच्या सशांना त्याचा धोका जास्त. सशाचा पू घट्ट, पनीरसारखा असतो, वाहून जात नाही. त्यामुळे बाहेरून कान स्वच्छ दिसला तरी आत भरलेला असू शकतो. तो एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये कळतो, आणि अँटिबायोटिक चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त चालतं. दुसरं कारण एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्मजीव. हे नाव उच्चारताना सगळ्यांचीच जीभ अडखळते, म्हणून दवाखान्यात त्याला नुसतं 'ई. क्युनिक्युली' म्हणतात. १९२२ साली तो सशाच्या पिल्लांमध्येच पहिल्यांदा ओळखला गेला. आता तो बुरशीच्या नात्यातला मानला जातो. मूत्रपिंड, मेंदू आणि डोळ्यातलं भिंग या त्याच्या आवडत्या जागा. रक्ततपासणीत तो 'पॉझिटिव्ह' आला, तर सशाची त्याच्याशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच ठरतं, कारण ठणठणीत सशांमध्येही तो सापडतो. म्हणून बहुतेक डॉक्टर कान तपासून, दोन्ही शक्यता धरून उपचार सुरू करतात. निकालाची वाट बघण्यात पहिले मोलाचे दिवस जात नाहीत.

औषध मोजायला तुम्ही शिकवलंत, त्याचे आभार वेगळे. ई. क्युनिक्युलीसाठी फेनबेंडाझोल देतात: दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. ससा दीड किलोचा असेल तर रोज ३० मिलिग्रॅम. घोटाळा होतो तो बाटलीवर. २.५ टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे १.२ मिलिलिटर द्यायचं. १० टक्क्यांच्या बाटलीत मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.३ पुरे. पहिली बाटली संपली, दुकानदाराने दुसरी दिली आणि हात सवयीने १.२ वरच गेला, की चौपट डोस. जादा फेनबेंडाझोल हाडांतल्या मज्जेवर घाव घालतं, रक्तपेशी बनणंच मंदावतं. कोर्स सुरू असताना ससा मलूल पडला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर रक्त तपासायचं. "बाटली बदलली की आकडा बदलला" हे वाक्य तुम्ही सिरिंजवर मार्करची रेघ मारता मारता म्हणायचात. आणि बाटली हलवून घ्यायची, नाहीतर औषध तळाशी राहतं.

कुठली औषधं घरी आणायची नाहीत, हे तर तुम्ही बोटांवर मोजून सांगायचात. तोंडावाटे अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसीन नाही: माणसांना चालणारी ही औषधं सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मारतात, वाईट जंतू माजतात आणि ससा जुलाबाने जातो. पेनिसिलीन लागलंच तर डॉक्टरांच्या हातून, इंजेक्शननेच. कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विष. कानात कुत्र्यामांजरांचे थेंब घालायचे नाहीत, कारण पडदा फाटलेला असेल तर त्यातली काही औषधं आतल्या कानालाच इजा करतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन "पटकन फरक पडेल" म्हणून मागायचं नाही. सशाची प्रतिकारशक्ती त्याने पडते, आणि ई. क्युनिक्युली त्याचीच वाट बघत असतो. दुखणं आणि सूज यावर मेलॉक्सिकॅम देतात, पण मूत्रपिंडं कशी आहेत ते पाहूनच. भोवळ फार असेल तर मेक्लिझिन. दोन्हींचा डोस डॉक्टरांचा. घरातल्या वेदनाशामक गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत, त्यांत बऱ्याचदा दुसरंही औषध मिसळलेलं असतं.

आता लोळण्याबद्दल. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. बघणाऱ्याला वाटतं ससा तडफडतोय, आता सोडवा त्याला. याच घाईत पुष्कळ ससे उगाच गेले असतील. तुम्ही केलेली व्यवस्था इतकी साधी होती की लिहायला लाज वाटावी: खोलगट प्लास्टिकचा टब किंवा पुठ्ठ्याचं खोकं, ससा आडवा पसरेल आणि जेमतेम वळेल एवढंच. तळाशी जुनी गोधडी, तिच्यावर पाणी शोषणारं कापड, वर फ्लीसचा तुकडा. चारही बाजूंना टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या, तक्क्याला लोड लावतात तशा. डोकं ज्या बाजूला कललंय, ससा त्याच बाजूला पडतो, म्हणून त्या अंगाची गुंडाळी जाड. जाळीच्या तळाचा पिंजरा नको, त्यात पाय अडकतात. गुळगुळीत फरशी तर अजिबात नको. टब अंधारात ठेवायचा नाही. कान दगा देत असताना डोळ्यांच्या आधारावरच तो तोल धरतो, म्हणून रात्रीही मंद दिवा. जोडीचा ससा असेल तर तो शेजारीच ठेवायचा. लागण व्हायची ती आधीच झालेली असते, आणि एकटा पडलेला ससा खाणं सोडतो.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा कुल्ल्यांखाली, अंग आपल्या पोटाशी, डोकं कोपराच्या बेचक्यात टेकलेलं. हळू, आणि जमिनीवर बसूनच. घाबरून त्याने मागचे पाय झाडले तर कण्याचं हाड मोडू शकतं, आणि मग मानेचं दुखणं किरकोळ वाटायला लागतं.

पण खरी लढाई पोटाची. सशाला उलटी होत नाही. भोवळीने मळमळतं, तो खाणं थांबवतो, आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि मान नव्हे तर पोट त्याला घेऊन जातं. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर ती तातडीची वेळ, सकाळची वाट बघायची नाही. तुमची कृती आम्ही जशीच्या तशी लिहून ठेवली आहे: सशाचे गवताचे पेलेट मिक्सरमध्ये बारीक करायचे, चाळायचे, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं फुगू द्यायचे, पातळ पिठल्याइतकं सैल करायचं. तयार भरवणीचं खाद्य मिळालं तर उत्तमच. दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर एका वेळी, चार ते सहा तासांनी. दीड किलोच्या सशाला एका बैठकीला साधारण २० मिलिलिटर. पंच्यात गुंडाळून पोटावर बसवायचं, पाठीवर कधीच नाही. पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून, गालाच्या बाजूने सिरिंज घालायची, एका वेळी एक मिलिलिटर, आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की घास श्वासनळीत जातो. पोट ढोलासारखं ताठ लागलं तर भरवायचं नाही, थेट दवाखाना. पाणी वाटीत द्यायचं नाही, लोळताना त्यात नाक बुडतं. सिरिंजने, किंवा ओली कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला देऊन. कमी पडलं तर डॉक्टर कातडीखाली सलाइन देतात. वजन रोज, एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. दहा टक्के घटलं की फोन करायचा.

गवताबद्दल एक गोष्ट तुम्ही वैतागून सांगायचात. बाजारात चाऱ्याच्या गाड्यावर लसूणघास सहज मिळते, ससेही तिच्यावर तुटून पडतात. पण मोठ्या सशाला ती रोजचा आहार म्हणून नको. तिच्यात कॅल्शियम फार, मूत्राशयात गाळ साचतो, आणि ई. क्युनिक्युलीने मूत्रपिंडं आधीच कमजोर झालेली असू शकतात. आजारपणात भूक जागवायला चार काड्या चालतील. पोटभर खायला वाळलेलं साधं गवत, तोंडाशी मूठभर, सतत. पोहे, बिस्किटं, पोळी, "निदान काहीतरी खातोय" म्हणूनही नाही.

खालच्या बाजूचा डोळा बहुतेक जण विसरतात. तो कापडावर घासतो, आणि त्या बाजूचा चेहऱ्याचा मज्जातंतू बिघडला असेल तर पापणीच मिटत नाही. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे साधे थेंब तीन-चार तासांनी, रात्री जेल. बुबुळावर धुरकटपणा दिसला तर रंग घालून तपासणी, कारण व्रण असताना स्टेरॉइडचे थेंब घातले तर डोळा जाऊ शकतो. मागची बाजू दिवसातून दोनदा बघायची. तो वळू शकत नाही, म्हणून त्याच्या मऊ लेंड्या तोंडापर्यंत पोचत नाहीत. त्या उचलून त्याच्या तोंडाशी धरायच्या. किळस वाटते, पण त्या त्याचं अन्नच आहेत. लघवीने कातडी भाजते, म्हणून कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं. पावसाळ्यात तर हयगय नकोच: ओल्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात.

लोळणं थांबलं की टब मोठा करत जायचा, मग सतरंजीवर, भिंतीच्या आधाराने. डोकं कललंय त्याच्या उलट बाजूला कोथिंबिरीची काडी धरायची, म्हणजे तो आपणहून मान तिकडे नेतो. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दमला की थांबायचं. फरक पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतो, मान सरळ व्हायला महिने जातात, आणि काहींची थोडी वाकडी राहतेच. वाकड्या मानेचा ससा खातो, धावतो, उडी जरा चुकवतो, एवढंच. झटके थांबत नसतील, भरवलेलंही पोटातून पुढे सरकत नसेल, मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत, त्याचेही आभार.

आपले,
वाकड्या मानेच्या सशांच्या घरचे

ता.क. तुमचे तीन टॉवेल सोबत पाठवत आहोत. लागण झाल्यावर साधारण महिन्याभराने लघवीतून त्या सूक्ष्मजीवाचे बीजाणू पडू लागतात आणि कोरड्या जागीही ते काही आठवडे टिकतात, म्हणून आधी लघवी धुऊन काढली, मग दहा मिनिटं उकळले आणि कडक उन्हात वाळवले. ब्लीच वापरलं ते फक्त टबाला, तेही लघवी धुतल्यावर, कारण दोन्ही एकत्र आले की घशाला झोंबणारा वायू निघतो. दवाखान्यात ज्या ताईंची केमोथेरपी चालू आहे, त्यांनी मात्र टबाची सफाई करू नये. त्यांच्यासारख्या, प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना हा सूक्ष्मजीव बाधू शकतो. चौथा टॉवेल सशाने कुरतडला. त्याच्याऐवजी नवा घातला आहे.