तवंदी उतरायच्या आधी

बेळगाव,
गुरुवार, रात्री

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. जुना दहाचाकी ट्रक घेतलास, आपल्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव नग, भरून कोल्हापूरला जायचं आणि मधूनमधून साखर घेऊन गोव्यात उतरायचं, असं ठरलंय म्हणे. आनंद झाला आणि काळजीही वाटली. खानापूर भागात टेम्पो चालवून तुझा हात चांगला बसलाय, पण भरलेली, एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबानं ब्रेक लागणारी गाडी ही जातच वेगळी. म्हणून जरा लांबच लिहितोय. सवडीनं वाच, आणि ब्रेकचं दोनदा वाच.

बेळगावहून कोल्हापूरला जाताना दोन उतार लागतात. काकती सोडल्यावर वंटमुरीचा, आणि संकेश्वर ओलांडल्यावर निपाणीच्या अलीकडे तवंदीचा. रस्ता रुंद असल्यामुळे तवंदीला घाट उतरतोय असं वाटतच नाही. गोव्याच्या वाटेवरच्या अनमोड घाटात वळणं बघूनच माणूस हळू होतो. तवंदीला समोर मोकळा रस्ता दिसतो, गाडी आपणहून पळायला लागते, आणि पाय पुन्हापुन्हा ब्रेकवर जातो. तिथंच घात होतो. सततच्या घासण्यानं चाकाचा ड्रम तापून फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो. हवेच्या दाबानं ब्रेक ढकलणाऱ्या चेंबरच्या दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं, आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. टाकीत हवा भरलेली, हवेचा काटा जागेवर, पायडलही लागतंय, तरी गाडी थांबत नाही. लोक म्हणतात ‘ब्रेक फेल झाला’. बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं, नुसतं तापलेलं असतं.

म्हणून गियर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. जो चढ ज्या गियरमध्ये चढशील, तो उतार त्याच गियरमध्ये किंवा एक खालच्या गियरमध्ये उतर. उतारावर मध्येच गियर बदलायला गेलास आणि पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते. वीसपंचवीस टनांना मग फक्त ब्रेकचा आधार. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, माथ्यावरच चालू कर. आरपीएम (इंजिनचे फेरे) चढा असताना तो चांगला धरतो, फक्त काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नको. इतकं करूनही वेग वाढला, तर ब्रेक एकदा नीट दाब, वेग आठदहा किलोमीटरनं उतरव, आणि पाय पूर्ण उचल. हलका पाय सतत ठेवून उतरणं सगळ्यात वाईट. पावसात गाडी रिकामी असेल तर एक्झॉस्ट ब्रेक जपून वापर, मागची चाकं घसरू शकतात.

डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे तुला भेटतील, काही तर इंजिनही बंद करतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद आणि पॉवर स्टिअरिंगही बंद. त्यांचं ऐकू नको, अगदी शपथ घालून सांगतो. शिवाय गियरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की आजकालचं इंजिन तसंही डिझेल घेत नाही, म्हणजे वाचवायला तिथं काही उरतच नाही. जळका वास आला तर खाली सपाटीला बाजूला घे, चाकाला लाकडी गुटके लाव, आणि थांब. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नको, तडा जातो.

रोज सकाळी निघायच्या आधी हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघड. थोडं पाणी निघणं ठीक. दुधाळ, तेलकट पाणी येत असेल तर हवेतला ओलावा काढणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय, आणि मागे कॉम्प्रेसर तेल फेकतोय का हेही बघून घे. मग हवा पूर्ण भर, इंजिन बंद कर, ब्रेक मिनिटभर दाबून धर. क्लीनरला गाडीभोवती फिरवून कुठं फुसफुस येते का ते ऐकायला सांग, आणि तू काट्यावर नजर ठेव. जुन्या गाडीत स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकचा ढिलेपणा काढणारे तुकडे, हातानं आवळावे लागतात. सगळ्या चाकांचे सारखे आवळ, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.

टायरचं म्हणशील, तर मागच्या जोडीतला आतला टायर बघ. बाहेरचा सगळ्यांना दिसतो. आतल्याची हवा गेली की पूर्ण वजन बाहेरच्यावर येतं, तो तापतो आणि फुटतो, आणि दोष मात्र टायरच्या कंपनीला जातो. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ठोकल्यावर टणक आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर गेजनं मोज. हवा थंड टायरमध्येच तपासायची. चालून तापलेल्या टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढलीस, तर गार झाल्यावर ती कमीच भरते. फाउंड्रीच्या आवारातून बाहेर पडताना जोडीमध्ये दगड किंवा लोखंडाचा तुकडा अडकलाय का ते बघायचं. चाक बदललं असेल तर नट समोरासमोरचे आवळ, आणि 50 ते 100 किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लाव. नटापासून गंजाची रेघ ओघळलेली दिसली की तो ढिला आहे असं समज.

आता माल. दहाचाकीचं एकूण वजन कायद्यानं 28.5 टन. रिकामी गाडी साडेनऊदहा टनांची धर, म्हणजे माल साडेअठरा टनांच्या आसपास. साखरेची 50 किलोची 370 पोती झाली की तेवढं भरतं. पण तुझी गाडी जुनी. 2018 च्या आधी ही मर्यादा 25 टन होती, तेव्हा आरसीवर कुठला आकडा आहे तो बघ आणि तोच धर. भरल्यावर वजनकाट्यावर चढव. जास्त निघालं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. शिवाय जादा माल उतरवून ठेवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, आणि ती हमाली तुझ्याच खिशातून.

कास्टिंग फसवं असतं. हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि वजन पूर्ण झालेलं असतं. हमालांना घाई असते, ते मागच्या फाळक्याजवळच ढीग लावतात. मागं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग तरंगतं. सगळं केबिनकडे सरकवलंस तर पुढचा ॲक्सल आणि पाटे (स्प्रिंगा) मरतात. वजन मागच्या दोन ॲक्सलच्या जरा पुढून सुरू करून हौद्यात पसरव. अवजड नग खाली, लाकडी फळीवर ठेव. लोखंडावर लोखंड सरकतं. मोकळी जागा राहील तिथं गुटके ठोक आणि साखळी ताण. काकतीपर्यंत माल हादरून बसतो. म्हणून वंटमुरीच्या अलीकडे थांबून साखळी परत ताणायची, ही पाच मिनिटं कधी वाचवू नको.

साखर भरायची तर आधी हौदा झाडून, तेलाचा डाग पुसून, कोरडा कर. खाली प्लास्टिक अंथर. ताडपत्र्या दोन असतील तर मागची आधी घाल आणि पुढची तिच्यावर चढव, कौलं घालतात तशी. उलटं केलंस तर वारा सांध्यात शिरतो, ताडपत्री फुगते, आणि पाऊस आत जातो. एक ओलं पोतं निघालं तरी भाड्यातून कापतात. पोच पावतीवर पोत्यांची संख्या आणि ‘माल कोरडा मिळाला’ असं लिहून, सही-शिक्का घेतल्याशिवाय हलू नको.

गोव्याला खानापूर, रामनगर, अनमोड, मोले हा रस्ता. पावसाळ्यात अवजड गाड्यांवर बंदी घालतात, चोर्ला घाटातही तसंच. निघायच्या आधी चौकशी कर, नाहीतर घाटाच्या तोंडावर दोन दिवस बसशील.

कागदांचं थोडक्यात. माल 50,000 रुपयांवर असेल तर ई-वे बिल लागतं, 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत वाढवून घेता येते. गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घेतलास तर नव्या गाडीचा नंबर बिलात भरायला मालवाल्याला लगेच फोन कर. कोगनोळी आणि हत्तरगीच्या टोलला थांबायचंच असतं, तिथं फास्टॅगचा शिल्लक आकडा बघायची सवय लाव.

सध्या उसाचा हंगाम तोंडावर आहे. चिकोडी, संकेश्वर, गोकाक भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. अंधार पडल्यावर त्या भागात पन्नासच्या वर जाऊ नको. तुझी गाडी बंद पडली तर मागं त्रिकोण ठेव, आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचल. ते तसेच टाकून जाणाऱ्यांचा मला फार राग येतो. रात्री त्यावर दुचाकीवाला पडतो.

क्लीनर चंदगडचा ठेवलायस ना? त्याला कन्नड बोर्ड शिकव. आपल्याकडे निधान म्हणजे खजिना, तिकडे ‘निधान’ म्हणजे हळू. एड म्हणजे डावीकडे, बल म्हणजे उजवीकडे. गाडी मागं घेताना त्यानं नुसतं ‘येऊ दे’ ओरडायचं नाही, तुझ्या आरशात दिसेल असं उभं राहायचं.

झोपेचं शेवटी लिहितोय, पण हलकं घेऊ नको. 1961 चा मोटर कामगारांचा कायदा 2025 पर्यंत होता, तो सांगायचा, दिवसाला 8 तास काम, आणि 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. मालवाला सकाळी माल मागतो, म्हणून पहाटे दोन ते पाच गाडी चालते, आणि डोळा लागतो तो त्याच वेळी. चहा आणि तंबाखूनं तो फक्त पुढं ढकलला जातो. जडजड भात खाऊन रात्री स्टिअरिंगवर बसू नको, डब्यात भाकरी घे. डोळे जड झाले तर पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात वीस मिनिटं आडवा हो, रस्त्याच्या कडेला नको. उशीर झाला तर मालवाल्याला मी फोन करतो, नंबर देऊन ठेव.

रविवारी गाडी रिकामी असेल तर इकडे घेऊन ये. चारी मागचे ड्रम उघडून लायनर बघू. स्लॅक ॲडजस्टरला ग्रीस किती दिवसांत गेलं नाही ते जुन्या मालकाला विचारून ठेव. ग्रीसगन माझ्याकडे आहे, मोठा व्हील पाना तेवढा तू आण.

तुझा,
मित्र