निसर्गचित्र कापून छापू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत निसर्गचित्र आणि चित्रकाराचे आपल्या भूमीशी असलेले आपलेपण या विषयाला पानभर जागा दिलीत, याचा आनंद वाटला. लेख नेटका होता. पण सोबतची चित्रे कॉलमात बसवण्यासाठी वरून-खालून कापली होती, आणि लेखात जे म्हटले होते ते चित्रांत दिसेनासे झाले.

चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांचे ‘रिटर्निंग होम आफ्टर लाँग अ‍ॅबसेन्स’ (१९६९–७३), म्हणजे ‘फार दिवसांनी घरी परतताना’, हे चित्र पाहा. शेख मूळचे सुरेंद्रनगरचे. शिकायला बडोद्यात आले, पुढे लंडनला जाऊन परतले आणि बडोद्याचेच झाले. या चित्रात खाली, अगदी पुढे, आईचे व्यक्तिचित्र आहे. तिच्यामागे मोहल्ल्याची घरे आणि भिंती, वर आकाशात फारसी लघुचित्रांतून आलेले देवदूत. वरचा पट्टा उडवला की उरते जुन्या वस्तीचे एक दृश्य. खालचा उडवला तर आईच जाते. मग घरी परतायचे ते कोणाकडे?

साध्या निसर्गचित्रातही हेच होते. क्षितिजरेषा वर घेतली की जमीन अंगावर येते, खाली घेतली की माणूस आकाशाखाली एकटा पडतो. ती कुठे ठेवायची हे चित्रकाराने ठरवलेले असते. खालून पाचवा हिस्सा कापला की क्षितिज आपोआप खाली सरकते आणि चित्रकाराचे भूमीशी असलेले नाते बदलते. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरहून निघाले आणि १९५० मध्ये बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवू लागले. त्यांच्यासारख्या, गाव सोडून आलेल्या चित्रकाराबाबत तर अशी कात्री चालवूच नये.

बरेचदा कापाकापीचे मूळ फोटोत असते. कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर, समोर सरळ धरला नाही तर चौकट तिरकी येते आणि ती सरळ करताना कडा जातात. चित्र काचेतून बाहेर काढावे; दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, साधारण ४५ अंशांत ठेवावेत. रंगांचे संतुलन कॅमेऱ्यावर सोडू नये. चित्रात पिवळी माती जास्त असली की तो प्रकाशच पिवळा समजून निळेपणा वाढवतो, आणि संध्याकाळचे ऊन राखाडी होते. पहिल्या फोटोत करडे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरले की पुढच्या फोटोंचे रंग त्यावरून जुळवता येतात. अपारदर्शक जलरंगाचा पृष्ठभाग मुळात चकाकीविना असतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की तो तैलरंगासारखा दिसू लागतो. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरून मधल्या छटा गडद होतात, म्हणून छपाईआधी त्या थोड्या उजळाव्या लागतात. छापायच्या मापाला इंचाला २०० पिक्सेल असले की पुरे.

चित्राखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी) आणि चित्र कोणाच्या संग्रहात आहे, एवढे द्यावे. माप नसेल तर तळहाताएवढे टिपण आणि भिंतभर कॅनव्हास पानावर सारखेच दिसतात. एखादा भागच दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण खाली ‘चित्राचा भाग’ असे छापा आणि शेजारी पूर्ण चित्र लहान आकारात द्या. चार कॉलमांतल्या कापलेल्या चित्रापेक्षा दोन कॉलमांतले अखंड चित्र आम्हाला हवे आहे. येत्या पुरवणीत तीच चित्रे पूर्ण छापावीत, ही विनंती.

– चित्रकलेचे काही वाचक, दांडिया बाजार, बडोदे