जुनी शाळा की नवी? आधी शिक्षकांची यादी मागा

माननीय संपादक महोदय,

दिवाळी सरली की शाळाप्रवेशाचे फलक चौकाचौकांत लागतात आणि वाकड, रावेत, मोशी अशा वाढत्या भागांत राहायला आलेल्या तरुण आईवडिलांची घालमेल सुरू होते. गावभागातल्या, दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीच्या शाळेत मुलाला घालावे, की सोसायटीला लागून नुकत्याच उभ्या राहिलेल्या चकचकीत इमारतीत? नोकरीची सारी वर्षे माध्यमिक शाळेत गेल्यामुळे हा सल्ला माझ्याकडे वारंवार मागितला जातो, म्हणून हे पत्र.

शाळेचे वय पाहून निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पुण्यात 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले तेव्हा तीही नवीच शाळा होती. तिच्यापाशी ना परंपरा होती ना सरकारी नोकरीची हमी. पण विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि वामन शिवराम आपटे यांच्यासारखी माणसे तिथे शिकवीत होती आणि लोकांनी त्या माणसांच्या भरवशावर मुले पाठवली. पालकांनी आजही सर्वांत आधी हेच विचारायला हवे, की येत्या जूनमध्ये माझ्या मुलाच्या वर्गावर कोण उभे राहणार आहे, त्यांचे शिक्षण काय आणि ते या शाळेत किती वर्षे टिकले आहेत. अलीकडे एका परिचित दांपत्याबरोबर मी एक नवी शाळा पाहायला गेलो होतो. वातानुकूलित वर्ग, डिजिटल फळे, घोडेस्वारीचे मैदान हे सारे आम्हाला हौसेने दाखवले गेले. मात्र गणित आणि मराठी कोण शिकवणार, या साध्या प्रश्नावर ‘भरती चालू आहे’ एवढेच उत्तर मिळाले. मराठीचा प्रश्न मी मुद्दाम विचारला होता, कारण 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे आणि तरीही अनेक ठिकाणी तो विषय ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या गळ्यात घातला जातो.

नव्या शाळेच्या बाबतीत कागदपत्रांची खातरजमा करण्यावाचून गत्यंतर नाही. राज्यात विनाअनुदान तत्त्वावर शाळा काढायची तर 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानुसार शासनाची परवानगी लागते, आणि केंद्रीय मंडळाची म्हणजे सीबीएसईची संलग्नता ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ असे लिहिलेले असेल तर तेवढ्यावरून ती शाळा त्या मंडळाशी संलग्न आहे असे मुळीच समजू नये. संलग्नता क्रमांक मागावा आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावा. बहुतेक नव्या शाळा नर्सरीपासून दुसरीपर्यंत सुरू होतात आणि दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत नेतात, त्यामुळे पहिल्या तुकडीची मुले सतत सर्वांत पुढे असतात आणि शाळेच्या तयारीची कसोटी त्यांच्यावरच लागते. नववीत मंडळाकडे विद्यार्थ्यांची नोंदणी होते. तोवर संलग्नतेचे काम अडलेले असेल तर ऐन मोक्याच्या वर्षी पालकांना दुसरी शाळा शोधत फिरावे लागते. मान्यतेविना शाळा चालवणाऱ्यास शिक्षण हक्क कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे हे खरे, पण त्या दंडाने मुलाचे गेलेले वर्ष परत येत नाही.

जुन्या शाळेकडेही डोळे झाकून जाऊ नये. तिचे नाव ज्या शिक्षकांनी कमावले ते केव्हाच निवृत्त झाले असतील. 2012 पासून राज्यात शिक्षकभरती दीर्घकाळ रखडली, पुढे शिक्षकभरतीसाठी शासनाचे ‘पवित्र’ हे ऑनलाइन पोर्टल आले तरी रिकाम्या जागा वेळेवर भरल्या गेल्या नाहीत. पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदे मंजूर करताना, पदे कमी होतात, आणि मग नामांकित अनुदानित शाळेतही विज्ञानाचे तास तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या, शिक्षकांकडे जातात. हे शिक्षक बहुधा तळमळीने शिकवतात, पण त्यांना पुढच्या वर्षाची खात्री नसते. शाळेच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी या रिकाम्या जागांबद्दलही आवाज उठवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

शाळा पाहायला जाल तेव्हा चालू आठवड्यातल्या चार वह्या मागून पाहा. चुकीच्या उत्तरापाशी शिक्षकांनी दोन शब्द लिहिले आहेत की पानभर नुसती बरोबरची खूण आणि सही आहे, यावरून त्या वर्गात काय चालते ते कळते. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर धूळ आहे का, ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत शेवटची तारीख कोणती, हेही पाहावे. दोन्ही शाळांतले शिक्षक सारख्याच तोलाचे वाटले तर लहान मुलासाठी जवळची शाळा निवडावी. सहा वर्षांच्या पोराने रोज बसमध्ये दोन तास घालवणे मला पटत नाही.

शिक्षण विभागाकडे आपल्या दैनिकामार्फत एक मागणी करावीशी वाटते. केंद्रीय मंडळाने आपल्या शाळांना मान्यतेची कागदपत्रे, शुल्क, निकाल आणि शिक्षकांची माहिती संकेतस्थळावर जाहीर करणे बंधनकारक केले आहे. तशीच सक्ती राज्य मंडळाच्या जुन्या-नव्या सर्व शाळांवर करावी, आणि संलग्नतेच्या प्रतीक्षेत असलेल्या शाळांनी ती प्रलंबित असल्याचे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापावे. ही माहिती, शिक्षकांची पात्रता आणि रिकाम्या पदांसह, प्रवेश सुरू होण्यापूर्वी शाळेच्या फाटकावर लावली जावी. अनधिकृत शाळांच्या याद्याही बऱ्याचदा प्रवेश उरकल्यावर, शुल्क भरून झाल्यावर बाहेर येतात; त्या डिसेंबरपूर्वी प्रसिद्ध व्हाव्यात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, चिंचवड