पत्ते पिसून कथा होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नवोदित लेखकांसाठी आलेल्या लेखात नॉनलिनिअर, म्हणजे घटनांचा क्रम मोडून केलेल्या कथनाविषयी एक सल्ला आहे : आधी कथा सरळ लिहून काढा, मग प्रसंग मागेपुढे करा, की ती आधुनिक होते. चित्रपटाच्या बाबतीत हे काम संकलनाच्या टेबलावरही उरकता येतं, असंही त्यात म्हटलं आहे. आम्ही दोघे पटकथालेखन आणि संकलन शिकवतो. या सल्ल्यातला पहिला अर्धा भाग योग्य आहे. उरलेल्या अर्ध्याने अनेक चांगल्या कथा वाया जातात, म्हणून हे पत्र.

प्रथम 'आधुनिक' या शब्दाबद्दल. महाभारत उघडून पाहावं. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना कथा सांगतो. त्याने ती जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाच्या तोंडून ऐकलेली आहे, आणि त्या कथेच्या पोटात युद्धाचा वृत्तांत संजय धृतराष्ट्राला सांगतो आहे. संजय राजवाड्यात बसून दिव्यदृष्टीने युद्धाचं थेट वर्णन करतो, असं चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. भीष्मपर्वात तसं नाही. व्यासांनी दिलेली दिव्यदृष्टी आहेच. पण दहा दिवसांचं युद्ध झाल्यावर संजय रणभूमीवरून परत येतो आणि पहिलीच बातमी देतो की भीष्म पडले. धृतराष्ट्र हादरतो, हे झालंच कसं म्हणून विचारतो, तेव्हा कुठे संजय मागे जाऊन सगळं सांगू लागतो. गीता येते ती त्यानंतर. म्हणजे 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' असं विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्या बापाला भीष्म शरपंजरी पडल्याचं आधीच ठाऊक आहे. ज्या घरांत ज्ञानेश्वरीची पारायणं होतात तिथेही हा क्रम सहसा कुणी सांगत नाही, आणि तो कळला की त्या पहिल्या श्लोकाचा आवाजच बदलतो. द्रोण, कर्ण, शल्य यांच्या पर्वांतही आधी मृत्यूची बातमी आणि मग हकीकत, असंच आहे.

क्रम असा का ठेवला? कारण 'पुढे काय होणार' हा प्रश्न काढून घेतला की ऐकणाऱ्याच्या मनात 'हे का टळलं नाही' हा प्रश्न उभा राहतो. क्रम मोडण्याचं खरं काम एवढंच आहे : वाचकाच्या मनातला प्रश्न बदलणं. प्रश्न बदलत नसेल तर क्रम मोडू नये.

महाभारतात आणखी एक गोष्ट आहे, जी लिहिणाऱ्याने उचलावी. आदिपर्वाच्या आरंभीच धृतराष्ट्राचा विलाप येतो. अमुक ऐकलं, तमुक ऐकलं, 'तदा नाशंसे विजयाय संजय', तेव्हाच मला विजयाची आशा उरली नाही, असं तो एकेक घटना मोजत म्हणतो. जोडीला पर्वांची यादीही येते. ऐकणाऱ्याच्या हातात आधी नकाशा दिला जातो आणि मग कथा हवी तशी वळणं घेते. 'सिटिझन केन' (१९४१) हा चित्रपट हेच करतो. नायक पहिल्याच प्रसंगात मरतो, लगेच वृत्तपटातून त्याचं सगळं सार्वजनिक आयुष्य झरझर दाखवलं जातं, आणि त्यानंतर वेगवेगळ्या माणसांच्या आठवणींतून तुकडे येतात. ते तुकडे सैरभैर वाटत नाहीत, कारण प्रत्येक तुकडा कुठे ठेवायचा हे आपल्याला त्या वृत्तपटाने सांगून ठेवलेलं असतं. नवी मंडळी नेमका हा नकाशा गाळतात. वाचकाला कोड्यात टाकलं की तो गुंततो, असं त्यांना वाटतं. वाचक 'का' या प्रश्नात गुंततो. 'मी आत्ता कोणत्या वर्षात आहे' या प्रश्नात तो फक्त थकतो.

आता कामाची रीत. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करावं. दोन तासांच्या चित्रपटाला साधारण साठ-सत्तर, लघुकथेला आठ-दहा पुरतात. उजव्या कोपऱ्यात लाल शाईने घटनाक्रमातला आकडा, म्हणजे प्रत्यक्षात ते कितवं घडलं. डाव्या कोपऱ्यात निळ्या शाईने कथनातला आकडा, म्हणजे ते कितवं सांगितलं जाणार. खाली तीन ओळी : वर्ष आणि महिना, प्रत्येक पात्राचं त्या वेळचं वय, आणि या प्रसंगानंतर वाचकाला नवीन काय कळतं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर कार्ड फाडावं. वयाची ओळ कंटाळवाणी वाटते, पण निम्म्या चुका तिथेच सापडतात : १९७१ साली दहावीत असलेला मुलगा १९८३ मध्ये बावीस वर्षांचा कसा, हे सरळ कथेत लगेच खटकतं, मोडलेल्या क्रमात मात्र थेट छापील पानापर्यंत जातं.

मग कार्डं लाल आकड्यांप्रमाणे लावून कथा सलग वाचावी. त्यात भोक असेल, एखाद्या पात्राने एखादी गोष्ट का केली याचं कारणच नसेल, तर क्रम मोडल्याने ते भोक फक्त झाकलं जातं, बुजत नाही. हे वाचन टाळू नये.

एक उदाहरण घेऊ. दोन भाऊ. (१) १९८९ : विहिरीच्या पाण्यावरून भांडण, थोरला घर सोडून मुंबईला जातो. (२) १९९३ : आई जाते आणि धाकटा मुद्दाम तार करत नाही. (३) तेराव्यानंतर कुणाकडून तरी कळून थोरला येतो, आणि 'तार चुकली असेल' असं त्याला सांगितलं जातं. (४) २०१६ : दुय्यम निबंधक कार्यालयात वाड्याच्या खरेदीखतावर दोघे सही करतात. सरळ सांगितली तर तारेची गोष्ट आपल्याला दुसऱ्याच प्रसंगात कळते आणि सहीच्या वेळी आपण श्वास रोखून बसतो : धाकटा आता तरी बोलेल का? ४-१-३-२ असा क्रम लावला तर आधी आपण दोन गप्प म्हातारे पाहतो, मग भांडण कळतं, वाटतं की अबोल्याचं कारण सापडलं. आणि अगदी शेवटी तार न करणारा हात दिसतो, तेव्हा ती सही आपण मनात पुन्हा पाहतो. दोन्ही क्रम चांगले. पण दोन्ही एकाच कथेचे नाहीत. पहिला धाकट्याच्या अपराधाची कथा सांगतो, दुसरा थोरल्याच्या फसलेल्या आयुष्याची.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. दुसऱ्या क्रमात सहीचा प्रसंग धाकट्याच्या मनात शिरून लिहिला तर ती लबाडी ठरते. सही करताना त्याच्या डोक्यात ती तार असणारच, मग लेखकाने ती आपल्यापासून लपवली कशाला? ज्याला गुपित माहीत आहे त्याच्या मनातून लिहायचं आणि तेवढं गुपित गाळायचं, हे वाचक माफ करत नाही. तो प्रसंग थोरल्याच्या नजरेने लिहावा किंवा पूर्ण बाहेरून. क्रम ठरवताना दृष्टिकोनही ठरवावा लागतो, आणि म्हणूनच लिहून झाल्यावर पत्ते पिसण्याचा सल्ला चालत नाही.

गद्यात काळाची उडी मराठी क्रियापदांवर चालते, याबद्दल त्या लेखात एक ओळही नाही, हे आम्हाला फार खटकलं. 'सुमन माडीवर गेली होती' या वाक्याने भूतकाळातल्या भूतकाळाचं दार उघडतं. दार उघडलं की साध्या भूतकाळात यावं : 'तिने पेटी उघडली. आत हात घातला.' एक-दोन वाक्यं 'होता-होती'ची पुरतात. चार पानं 'केलं होतं, म्हणाली होती, रडली होती' असं चाललं की प्रत्येक वाक्याला ब्रेक लागतो. परतताना पुन्हा खूण हवी, आणि ती चालू प्रसंगातल्याच वस्तूची असावी : ज्या कुकरच्या पहिल्या शिट्टीला आपण मागे गेलो, त्याची तिसरी शिट्टी झाली. तिसरी म्हटल्यामुळे मधला वेळही गेल्याचं कळतं.

दुसरा सापळा 'बसायची, म्हणायची' या रूपांचा. ही रूपं रोजच्या सवयीची. त्यांतून प्रसंग उभा राहत नाही. 'आजी रोज ओसरीवर बसायची. जाणाऱ्यायेणाऱ्याला हाक मारायची. ती म्हणाली, विहीर बुजवा.' कोणत्या दिवशी म्हणाली? सवयीतून एका विशिष्ट दिवसात उतरताना पायरी हवी : 'पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र...' ही पायरी नसली की वाचक नेमका अडखळतो आणि कारण त्याला सांगता येत नाही.

पटकथा सबंध वर्तमानकाळात लिहिली जाते, त्यामुळे तिथे क्रियापदं मदतीला येत नाहीत. प्रत्येक प्रसंगाच्या शीर्षओळीत वर्ष लिहावं. पडद्यावर ती सगळी वर्षं उमटवण्याची गरज नाही. पहिल्या उडीला एकदा अक्षरं दिली तर चालतात, दर पाच मिनिटांनी द्यावी लागली तर प्रसंगच अपुरा आहे. आपल्या भाषेत याहून चांगलं साधन आहे, ते म्हणजे हाक. तीच बाई माहेरी 'कुसुम', सासरी 'वहिनी', पुढे 'काकू'. पहिल्या संवादातच हाक ऐकू आली की काळ कळतो. वस्तूही सांगतात, फक्त त्या तपासून घ्याव्यात. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं. १९७८ च्या दिवाणखान्यात रंगीत चित्र दिसलं की काळ फसला. १९७५ च्या स्कूटरवर 'एमएच १२' नको. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, म्हणून वरच्या उदाहरणातली तार १९९३ मध्ये चालते, २०१६ मध्ये चालणार नाही.

संकलनाच्या टेबलाविषयी स्पष्ट लिहायला हवं. चित्रीकरण नाहीतरी उलटसुलट क्रमाने होतं, मग नंतर प्रसंग हलवायला काय हरकत, असं वाटू शकतं. हरकत कंटिन्यूटीची, म्हणजे प्रसंगाप्रसंगातल्या तपशिलांच्या सलगतेची आहे. सहायक दिग्दर्शक प्रत्येक प्रसंगाला दोन आकडे देतो : पटकथेतला प्रसंग क्रमांक आणि कथेतला दिवस. वेशभूषा, दाढी, जखम, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं कथेतल्या दिवसावर ठरतं. शिवाय एका प्रसंगाच्या शेवटचा आवाज, नजर किंवा हालचाल पुढच्या प्रसंगाच्या आरंभाशी बेतलेली असते. 'मेमेंटो' (२०००) पाहावा. त्यात रंगीत प्रसंग मागे मागे जातात, कृष्णधवल प्रसंग पुढे येतात. प्रत्येक रंगीत प्रसंग जिथे संपतो तिथे आपण आधी पाहिलेल्या रंगीत प्रसंगाची सुरुवात पुन्हा दिसते आणि सांधा जुळतो. शेवटी दोन्ही धागे भेटतात ते पोलरॉइडचा फोटो उमटत असताना, आणि कृष्णधवल चित्रात रंग भरतो. हे सांधे कागदावर बेतून मगच चित्रित करावे लागतात. चित्रित झालेल्या सरळ कथेतून ते नंतर उकरून काढता येत नाहीत. संकलक एखादा प्रसंग आधी आणून चित्रपट वाचवू शकतो, अनेकदा वाचवतोही. पण ती डागडुजी असते. भूतकाळाला पिवळट रंग देऊन काम भागेल असंही समजू नये. कालखंड दोनाचे तीन झाले की तो रंग निरुपयोगी होतो.

लेखात 'रशोमोन' (१९५०) या जपानी चित्रपटाचा उल्लेख फ्लॅशबॅकचं उदाहरण म्हणून आला आहे, तोही अपुरा आहे. तिथे एकच घटना वेगवेगळ्या तोंडून येते आणि हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत; प्रश्न काळाचा नसून साक्षीचा आहे. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' या मराठी कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच माणसाबद्दल एकापाठोपाठ एक बोलतात. तिथेही काळ पुन्हा चालला जातो, पण साक्षी एकमेकींना खोटं पाडण्याऐवजी एकमेकींची पोकळी दाखवतात. तीन वेगळ्या रचना, तीन वेगळी कारणं. नवोदितांना 'नॉनलिनिअर' हा एकच शब्द देऊन सोडलं तर त्यांना निवड करताच येणार नाही.

शेवटी तपासणी. लिहून झाल्यावर कथा माहीत नसलेल्या तिघांना वाचायला द्यावी. 'समजली का?' असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. वाचून झाल्यावर घटना घडल्या त्या क्रमाने कागदावर लिहायला सांगावं, पुन्हा पानं न चाळता. तिघांपैकी दोघे जिथे एकाच ठिकाणी चुकतात, तिथे खूण कमी पडली आहे. त्या कार्डावर परत जावं आणि त्या प्रसंगाच्या पहिल्या तीन ओळींत कोण, कुठे, कधी यांतलं जे हरवलं असेल ते घालावं. एकटाच चुकला तर बहुधा काही करायला नको.

पुढच्या रविवारी त्या लेखकांनी एखाद्या छोट्या कथेची कार्डं दोन्ही क्रमांनी मांडून छापली, तर लिहू पाहणाऱ्या मुलामुलींना त्याचा फार उपयोग होईल. जागा मिळणार असेल तर वरच्या दोन भावांची चार कार्डं त्यांनी खुशाल वापरावीत.

आपले,
पटकथालेखन व संकलनाचे दोन शिक्षक, पुणे