चौदा कोअरचा जुना झिऑन घरच्या संगणकासाठी योग्य आहे का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ सालचा सर्व्हर प्रोसेसर जुन्या बाजारातून घेऊन तो बसवलेले संगणक ‘चौदा कोअर’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) या एकाच आकड्याच्या जोरावर विद्यार्थ्यांना विकले जातात, म्हणून हे पत्र. २०२२ मध्ये आलेल्या इंटेलच्याच ‘कोअर आय३-१२१००’ या घरगुती प्रोसेसरमध्ये चारच कोअर आहेत हे खरे. परंतु त्याचा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्‌झ आहे, तर झिऑनचा ३.३, आणि शिवाय नव्या रचनेचा कोअर प्रोसेसरच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात अधिक काम उरकतो. पत्रे लिहिणे, ब्राउझर चालवणे, हिशेबाचे तक्ते करणे, बहुतेक खेळ खेळणे ही कामे मोजक्या कोअरवरच चालत असल्याने तेथे हा स्वस्त आय३ सरस ठरतो.

झिऑन निकृष्ट आहे, असे मात्र मुळीच नाही. तो अहोरात्र चालण्यासाठी, एकाच वेळी अनेक आभासी यंत्रे (एकाच संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक) सांभाळण्यासाठी आणि मेमरीतील चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या ईसीसी रॅमसह वापरण्यासाठी घडवलेला आहे; त्याला मेमरीच्या चार वाहिन्या (माहिती ने-आण करण्याचे मार्ग) मिळतात, आय३ला दोनच. व्हिडिओचे रूपांतर किंवा त्रिमितीय चित्रांकन करणाऱ्यांना तो आजही उपयोगी पडेल. पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्याने वेगळे कार्ड घ्यावे लागते, त्याची औष्णिक मर्यादा, म्हणजे पूर्ण भारावर साधारण निघणारी उष्णता, १२० वॅट आहे आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही. विक्रेत्यांनी प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि वर्ष पावतीवर लिहावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे